आधी बाजार उठवा, मग बाजारपेठेचा विकास करा

रत्नागिरीसारख्या समुद्रकाठच्या शहरात तुम्ही नगरसेवक झाला असाल किंवा होण्याच्या बेतात असाल, तर पहिलं पथ्य सांगतो: शहरात जो धंदा आपसूक चालतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. मासळी, आंबा, कोकम, छत्र्या, ब्लाउजपीस हे सगळं लोक तुम्हाला न विचारता विकतात. त्यात तुमच्या नावाची कोनशिला बसवायची कुठे? विकास नेहमी जे नाही त्याचा करावा. म्हणजे पुढच्या निवडणुकीपर्यंत तो पुरतो.

सुरुवात सल्लागारापासून करा. सल्लागार घाटावरचाच हवा आणि पाहणीला जानेवारीतच यायला हवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरवर पाऊस पडणाऱ्या गावात त्याला जुलैत आणलंत, तर तो गटारांविषयी प्रश्न विचारू लागेल आणि प्रकल्प तिथेच बुडेल. जानेवारीत बाजारातली राम आळी कशी छान कोरडी असते! मग तो संगणकावर चित्र काढून देईल: पेव्हर ब्लॉक, कुंड्या, लोखंडी बाकडी आणि सायकल हाकणारी दोन गोरी माणसं. चित्रात डोक्यावर पाटी घेतलेली एकही बाई दिसता कामा नये. दिसली तर चित्र परत पाठवा.

आता मासळीवाल्या. या बायका रस्त्याच्या कडेला बसतात, कारण गिऱ्हाईक रस्त्यावरून जातं. ही त्यांची अडाणी समजूत. त्यांच्यासाठी लांब कुठेतरी फरशी लावलेलं मार्केट बांधा, जमलं तर पहिल्या मजल्यावर. बांगड्याला आलेला माणूस जाता जाता कोथिंबीर, नारळ, कोकमाचं आगळ घेतो, समोरच्या दुकानातून पोरासाठी वही घेतो, म्हणून अख्खी आळी चालते, असं एखादा म्हातारा दुकानदार सांगायला येईल. त्याला चहा पाजा आणि समितीवर घ्या. समितीची बैठक बोलवू नका.

‘गणपतीत खेड्यातून तेरडा घेऊन येणाऱ्या बायकांनी बसायचं कुठे?’ असंही कोणी विचारील. कुंडीत. तेरडा कुंडीत लावला की तो सुशोभीकरणात मोडतो.

जुन्या इमारतींकडे मात्र खालूनच पाहा. वरचे मजले बंद आहेत, कारण उताऱ्यावर डझनभर नावं आणि त्यातली निम्मी मुंबईत. खालचा भाडेकरू आजोबांच्या वेळचं भाडं देतो. एवढ्या भाड्यात मालक कौलं फेरत नाही, आणि दुसऱ्याची कौलं फेरायला भाडेकरूला वेड लागलेलं नाही. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा, सामाईक मिळकत, वारस नोंदी, अशा गोष्टींत शिरलात तर तुमची पाच वर्षं सरतील आणि फोटो एकही निघणार नाही. त्यापेक्षा दर्शनी भिंती एकाच रंगात रंगवून घ्या. मधल्या पडवीत पिंपळ उगवला असेल तर ‘हरित पट्टा’ लिहा.

पर्यटकाला शहरात मुक्कामाला कसं थांबवायचं, हा प्रश्न अवघड आहे. तो प्रयोग इथे एकदाच यशस्वी झाला, आणि तोही इंग्रजांनी केला. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला त्यांनी १८८६ साली रत्नागिरीत आणलं, १९१० मध्ये त्याच्यासाठी राजवाडा बांधून पुरा केला आणि १९१६ मध्ये तो मरेपर्यंत त्याला परत जाऊ दिलं नाही. राजाला दुसरी वाट नव्हती. तुमच्या पर्यटकाला महामार्गावरचा निवळी फाटा आहे. तिथून तो परस्पर गणपतीपुळ्याला जातो. तेव्हा त्याच्या सोयीची फार काळजी नको. मांडवीच्या किनाऱ्यावर गावाच्या नावाची प्रचंड इंग्रजी अक्षरं आणि मधे लाल बदाम उभा केला की पुरे. पर्यटक आला नाही तरी फोटो काढायला आपली पोरं आहेतच. शेजारी स्वच्छतागृह बांधू नका, त्यासमोर उभं राहून कोणी फोटो काढत नाही.

रोजगाराचा आकडा अहवालात घालावाच लागतो, तो सल्लागार घालील. मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवरचे आणि आंब्याच्या बागांतले नेपाळी कामगार त्यात मोजू नका. एके काळी मुंबईच्या मनिऑर्डरीवर जगलेल्या जिल्ह्यातून आता नेपाळात पैसे जातात, हे जिवंत अर्थव्यवस्थेचं लक्षण असेलही, पण फीत कापायला त्याचा काय उपयोग? जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि बाजारात पैसा फिरत नाही. त्या दोन महिन्यांत बर्फवाल्यापासून चहाच्या टपरीपर्यंत कोणाचं कसं चालतं, हे विचारायला जाऊ नका. आधीच त्रासलेली माणसं, उगाच उत्तर देतील.

उद्घाटन डिसेंबरात उरका. माडांना विजेच्या माळा गुंडाळा, त्या पहिल्या वादळापर्यंत टिकतात. पुढे जूनमध्ये पेव्हर ब्लॉकवरून पाणी दुकानात शिरलं, कारण रस्ता उंबऱ्यापेक्षा वीतभर वर आलाय, तर डगमगू नका. छत्री घेऊन पाहणी करा, दुकानदाराच्या पाठीवर हात ठेवा आणि दुसरा टप्पा जाहीर करा. त्याचा अहवाल जुन्याच सल्लागाराकडून घ्या. तो पहिल्यातली तारीख तेवढी बदलून देतो आणि पैसे नव्या दराने लावतो.