बाटलीतल्या लेट्यूसबद्दल खुलासा

माझ्या खिडकीतल्या लेट्यूसचा फोटो ‘नुसत्या नळाच्या पाण्यावर लेट्यूस, खत नको’ अशा मजकुरासह फिरतोय. फोटो माझा, मजकूर माझा नाही. नुसत्या पाण्यात रोप दोन-चार पानं काढतं, मग पिवळं पडून खुंटतं. माझी पहिली तीन तशीच गेली. नत्र, पालाश, कॅल्शियम, लोह असलेलं हायड्रोपोनिक्सचं (मातीशिवाय पाण्यात रोपं वाढवण्याचं) विद्राव्य खत लागतंच, आणि पाण्याचा सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे त्याचं माप) साधारण 5.5 ते 6.5 हवा. बाटलीला गुंडाळलेला पेपर शोभेचा नाही हो, उजेड लागला की पाणी शेवाळतं. पाणी घटलं तरी काठोकाठ भरू नका, वरच्या मुळांना हवा हवी. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधी पाठवला असेल तर तिथेच हा खुलासा टाका.