ओल थांबली, पण भिंत वाळली का?

नमस्कार दादा,

ओल आलेल्या जुन्या भिंतींचा गिलावा कसा करावा, यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही मनापासून लिहिलंत, म्हणून नीट उत्तर देतो. तुमचं म्हणणं असं की गच्चीची गळती बंद झाल्यावर पोपडे तेवढे खरवडायचे, वॉटरप्रूफ केमिकल घालून सिमेंटचा गिलावा करायचा, झालं काम. गिलावा दगडापर्यंत काढायला सांगून मी लोकांना खर्चात पाडतो. आणि किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या माणसाला चुन्याचा गिलावा सांगू नये.

तुमची भिंत सिमेंटात बांधलेली विटांची असेल आणि नुसता पाइप फुटला असेल, तर एवढा खटाटोप नको, हे मान्य. पण मी लिहिलं होतं ते दगड-मातीच्या दीड-दोन फुटी भिंतींबद्दल. जाडीच्या दर इंचाला साधारण महिना, असा वाळण्याचा ढोबळ हिशेब असतो. आपल्याकडचा एप्रिल-मे वरची कातडी खडखडीत करतो, पोटातली माती मात्र ओलीच राहते. त्यावर सिमेंट चढवलं की त्या बाजूनं पाण्याची वाट बंद. उदगीरकडच्या एका वाड्यात कमरेपर्यंत असा पट्टा मारलेला पाहिला. पट्टा ठणठणीत, आणि त्याच्या बरोबर वर, छातीच्या उंचीला, पांढऱ्या लोण्याची, म्हणजे भिंतीतून फुटून येणाऱ्या क्षारांची, नवी रेघ. बोट फिरवलं की मिठासारखी भुकटी गळत होती.

हा लोणाच खरा त्रास आहे. पाणी उडून जातं, क्षार गिलाव्यात राहतात आणि पावसाळ्यात हवेतला दमटपणा ओढून घेतात. गळती बंद असूनही जुलैत डाग उमटतो तो यामुळे, आणि लोक बिचाऱ्या गच्चीवाल्या मिस्त्रीला बोल लावतात. म्हणून ओलीच्या रेघेच्या वर फूट-दीड फुटापर्यंतचा जुना गिलावा काढायचाच. सांधे खरवडून कोरड्या ब्रशनं झाडायचे, भुकटी गोळा करून बाहेर टाकायची. भिंत धुवायची नाही. पाण्याबरोबर क्षार परत आत शिरतात.

भूकंपाची धास्ती मला समजते. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आपल्या भागात कोण विसरेल? पण नुसत्या गिलाव्यानं दगडी भिंतीचे आतला-बाहेरचा असे दोन पदर एकमेकांना धरून राहत नाहीत. ते काम आरपार जाणाऱ्या जोडदगडांचं आणि भिंतीभोवती फिरवून तिला बांधून धरणाऱ्या पट्ट्यांचं. ती मजबुती जरूर करा, इंजिनिअरला दाखवून करा. गिलाव्याकडून मात्र भिंतीला श्वास घेऊ देण्याचीच अपेक्षा ठेवा, आणि ते मुरवलेल्या चुन्याला जमतं. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू, पातळ थरात. वरून चुन्याची सफेदी. ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट नको.

आणखी एक. बोअरचं पाणी खारं असेल तर ते गिलाव्याला वापरू नका, नाहीतर काढलेले क्षार आपणच पुन्हा भिंतीत भरतो.

दिवाळीआधी काम उरकायचंय असं तुम्ही लिहिलंय. मी तुमच्या जागी असतो तर यंदा खालचा भाग उघडाच ठेवला असता, खिडक्या उघड्या, पंखा चालू, आणि गिलाव्याला उन्हाळ्याच्या तोंडावर हात घातला असता. तुमची भिंत कशाची आहे आणि रेघ जमिनीपासून किती उंच आहे, तेवढं कळवा.