ताई, तुमच्या भावाच्या गाडीबद्दल

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हावं अशी ती नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर लिहितोय.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. छोट्या एसयूव्हीवरच्या लेखात मी लिहिलं होतं की गाडी वर्षाला १२,००० किलोमीटरच्या आत फिरणार असेल तर नवी घेऊ नका, जुनी घ्या, तीन-चार लाख वाचतील. ताईंचा भाऊ अमळनेर तालुक्यात कापूस करतो. त्याने लेख वाचला आणि दिल्ली पासिंगची २०१७ ची डिझेल एसयूव्ही घेतली, कारण वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी धुळ्याला न्यावं लागतं. पाच महिन्यांत एसी, क्लच आणि पुढच्या सस्पेन्शनवर ८५,००० रुपये गेले. दोनदा गाडी वाटेत बंद पडली, त्यातल्या एकदा वडील गाडीत होते. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, अजूनही दिल्लीच्या मालकाच्याच नावावर आहे. ताई लिहितात, "जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं. आता जीएसटी उतरलाय, मग सरळ 'नवी घ्या' असं का लिहीत नाही? आपल्याकडच्या उन्हात आणि काळ्या मातीत गाडीचं काय होतं, हे तुम्हाला ठाऊक नाही का?"

आधी माझी चूक. माझ्या लेखात दोनच मोजमापं होती, किलोमीटर आणि पैसे. अमळनेर-धुळे जाऊन-येऊन ऐंशीएक किलोमीटर, आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षाला आठ-साडेआठ हजार किलोमीटर होतात. माझ्या हिशेबाने तुमचा भाऊ जुन्याच गाडीच्या गटात बसला. पण त्याच्या घरात गाडी बंद पडली तर काय होतं, हे मी कुठे विचारलंच नव्हतं. एखाद्या घरात गाडी बंद पडली तर लग्न चुकतं किंवा बाजार उद्यावर जातो. तुमच्याकडे डायलिसिस चुकतं. ते उद्यावर ढकलता येत नाही. हा प्रश्न किलोमीटरच्याही आधी यायला हवा होता आणि तो माझ्या लेखात नव्हता. लेखात तो आता पहिला घातला आहे.

दुसरी चूक परराज्यातल्या गाडीची. "किंमत पाहा, रनिंग पाहा, मालक किती झाले ते पाहा" एवढंच मी लिहिलं होतं. दिल्लीची गाडी स्वस्त का मिळते, हे लिहायला हवं होतं. तिथे दहा वर्षं झालेल्या डिझेलवरच्या बंदीची टांगती तलवार कित्येक वर्षांपासून आहे, त्यामुळे आठव्या-नवव्या वर्षीच लोक गाड्या काढायला बघतात. त्या मग मध्य प्रदेशातून, महामार्गाने आपल्याकडे येतात. किंमत ऐकून माणूस खूश होतो, पण मूळ आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), इकडे नव्याने नोंदणी, गाडीच्या वयाप्रमाणे भरायचा महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि एजंटची फी हे सगळं धरलं तर 'दीड लाखाने स्वस्त' मधले किती उरतात ते मांडून बघावं. तुमच्या भावाला ते कुणी मांडून दाखवलं नाही. मीही नाही.

तुम्ही विचारलंत, मला कधी चटका बसलाय का? बसलाय. २०१८ साली मी एका मोठ्या शहरातल्या विक्रेत्याकडून जुनी गाडी घेतली होती. रंग चकचकीत, रनिंग कमी, सीट कव्हर नवी. त्याच डिसेंबरात औरंगाबादहून परत येताना कन्नड घाटात रात्री नऊच्या सुमारास एकाएकी सगळे लाइट गेले. आई मागच्या सीटवर होती. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने आपली गाडी आमच्या मागे उभी केली, दिवे चालू ठेवले, आणि हळूहळू चाळीसगावच्या बाजूला उतरेपर्यंत तो आमच्या पाठीमागे राहिला. त्याचं नावही विचारायचं राहून गेलं. नंतर आमच्या वायरमनने कार्पेट उचललं तर खाली वाळलेल्या गाळाचा थर. गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिलेली होती.

तेव्हापासून जुनी गाडी बघताना मी सर्वांत आधी सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढतो. पाणी शिरलेल्या गाडीच्या बेल्टच्या आतल्या टोकाला मातीची रेघ राहते, आणि बेल्ट धुवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. मग स्टेपनीखालचा खड्डा, सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंज, हेडलाइटच्या आतलं धुकं. 'आपल्याच जिल्ह्यातली गाडी' म्हणून ही तपासणी टाळू नये. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नदीचं पाणी शहरात शिरलं होतं. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊनपुसून पुन्हा बाजारात येतात.

आता उन्हाचं आणि मातीचं. हे तुम्ही अगदी बरोबर लिहिलंत, मी फक्त भर घालतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. त्या उष्णतेत बॅटरी लवकर जाते, होसपाइप आणि रबराचे बुश कडक होऊन चिरतात, आणि एसीचा कंडेन्सर, म्हणजे पुढची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, आधीच कापसाच्या बोंडांच्या धुळीने भरलेला असला तर एसी पार थकतो. म्हणून जुनी गाडी बघायला सकाळी आठला जाऊ नये. दुपारी दोनला जावं, गाडी तासभर उन्हात उभी करावी, मग सुरू करून जागेवरच एसी लावावा. चालत्या गाडीत थंड आणि उभ्या गाडीत कोमट वारा आला, तर कंडेन्सर किंवा पंख्याचं काम निघालंच म्हणून समजा. तुमच्या भावाची गाडी तर दर वेळी चार तास दवाखान्याच्या आवारात उन्हात उभी राहणार, आणि त्यानंतर थकलेला माणूस तिच्यात बसणार. त्या घरात एसी ही चैनीची गोष्ट नाहीच.

काळी माती गाडीच्या पोटाला बसते आणि ओल धरून ठेवते. सायलेन्सर, ब्रेकच्या नळ्या आणि खालचे जोड पावसाळ्यात तिथेच गंजतात. रावेर-यावलकडे केळीच्या शेतातून फिरलेली गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय तिचं खरं वय कळत नाही. लिफ्टवर चढवू न देणाऱ्या विक्रेत्याकडे मी पुन्हा जात नाही.

इथवर आपलं एकमत आहे. 'जुनी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं' हे मात्र मला पटत नाही, आणि का ते सांगितलं पाहिजे. त्या घाटातल्या रात्रीनंतर, २०२२ मध्ये, मी पुन्हा जुनीच गाडी घेतली. भुसावळच्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याची, एमएच-१९ म्हणजे जळगाव पासिंग, पेट्रोल, पहिला मालक, प्रत्येक सर्व्हिसची पावती फाइलला लावलेली. ज्या फिटरने ती सांभाळली तो अजूनही तीच गाडी सांभाळतो. तिच्यावर टायर, बॅटरी आणि एकदा सस्पेन्शनचा लिंक रॉड, एवढाच खर्च आला. पहिली गाडी घेताना मला फक्त किंमत ठाऊक होती. दुसरी घेताना ती कुणी चालवली, कुठे चालवली आणि कुणी दुरुस्त केली हे सगळं माहीत होतं.

आणि हप्त्याचं काय? ८ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी ७ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १२,८७० च्या आसपास येतो आणि व्याजच २ लाख ८१ हजार होतं. नोकरदाराचा पगार एक तारखेला येतो. कापसाचा पैसा दिवाळीनंतर येतो, तोही भाव काय लागेल त्यावर, पण बँकेचा हप्ता जून-जुलैतही तसाच कापला जातो, आणि नेमका तेव्हाच बियाणं-खताला पैसा लागतो. आपल्या भागातल्या किती घरांनी गाडीच्या हप्त्यासाठी सोनं गहाण टाकलंय, हे तुम्हीही पाहिलं असेल. म्हणून सगळ्यांना सरसकट 'नवी घ्या' असं मी लिहिणार नाही.

जीएसटीचा मुद्दा मात्र पक्का आहे. माझा लेख २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवे दर लागू होण्याच्या आधीचा, त्यातले आकडे आता शिळे झालेत. चार मीटरच्या आतली गाडी, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत, अशा गाडीवर आधी सेस (जीएसटीवरचा जादा कर) धरून पेट्रोलला २९ आणि डिझेलला ३१ टक्के कर होता, तो १८ झाला. १० लाखांची पेट्रोल गाडी त्या हिशेबाने ८५,००० च्या आसपास स्वस्त होते, शिवाय रोड टॅक्स त्याच किमतीवर लागत असल्याने तोही थोडा कमी होतो. नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट यांची १२०० सीसीच्या आतली पेट्रोल इंजिनं यात बसतात. ब्रेझा चार मीटरच्या आतली असूनही तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती ४५ वरून ४० टक्क्यांवरच आली. शोरूममध्ये 'सगळ्यांचा जीएसटी अर्धा झाला' असं कुणी सांगितलं तर एवढं लक्षात ठेवा. आणि जुन्या गाडीचा विक्रेता अजून सप्टेंबरच्या आधीचा भाव सांगत असेल तर त्याला तीच गाडी आज नवी कितीला मिळते ते दाखवा.

नव्या गाडीच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे आणि मूळ लेखात मी तिला एकच ओळ दिली होती. ती सुरक्षिततेची. ह्युंदाईने ऑक्टोबर २०२३ पासून सगळ्या मॉडेलना सहा एअरबॅग दिल्या, नेक्सॉनलाही २०२३ च्या बदलापासून त्या सर्व व्हेरियंटमध्ये आहेत. २०१७-१८ च्या बहुतेक छोट्या एसयूव्हींत दोनच असायच्या. जुन्यातही फरक आहेच. नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या आदळून तपासणाऱ्या संस्थेचे पाच तारे मिळाले, एक्सयूव्ही ३०० ला जानेवारी २०२० मध्ये. आपल्या महामार्गांवर रात्री ट्रकांची रांग असते आणि बैलगाडीला मागे दिवा नसतो. तिथे दोन एअरबॅग की सहा, हे सनरूफपेक्षा आधी बघावं.

तर, तुमच्या भावाने आज मला विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? तुमच्याच बाजूचं सांगितलं असतं. नवी, १२०० सीसीच्या आतलं पेट्रोल, सहा एअरबॅग, मागे एसीचा झोत, सनरूफ नाही. डिझेल नको, कारण आठ-साडेआठ हजार किलोमीटरमध्ये डिझेलसाठी जास्त मोजलेला पैसा वसूल होत नाही, महाराष्ट्रात रोड टॅक्सही दोन टक्के जास्त लागतो. आणि बुकिंगच्या आधी वडिलांना प्रत्यक्ष शोरूममध्ये नेऊन मागच्या सीटवर बसवून, उतरवून बघायला सांगितलं असतं. डायलिसिसनंतर पायात ताकद नसते. सीट कमरेच्या उंचीला आली तर माणूस नुसता वळून बसतो; खाली वाकावं लागलं किंवा वर चढावं लागलं तर दुसऱ्याचा आधार लागतो. ही गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात छापलेली नसते.

पण गाडी घेतली गेली आहे, म्हणून आत्ताचं बोलू. सर्वांत आधी विमा. आरसी आणि पॉलिसी दुसऱ्याच्या नावावर असताना अपघात झाला तर गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. फॉर्म २९ आणि ३० च्या, म्हणजे मालकी बदलण्याच्या अर्जांच्या, सह्या झालेल्या प्रती घेऊन भावाने याच आठवड्यात विमा कंपनीच्या कार्यालयात जावं. विक्रेत्याने त्या दिल्याच नसतील तर त्या आधी मिळवाव्या लागतील, आणि मिळेपर्यंत गाडी जपूनच बाहेर काढावी. मग एनओसी. ती मूळ मालकाच्या अर्जावर, फॉर्म २८ वर, आपल्या आरटीओच्या नावाने निघते. 'येतेय, येतेय' असं विक्रेता पाच महिने सांगत असेल तर अर्ज खरंच केलाय का, याचा अर्ज क्रमांक मागा. बँकेचा बोजा उतरलेला नसेल तर एनओसी अडकते, दिल्लीची जुनी चलनं बाकी असली तरी अडकते. दोन्ही परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून दिसतं. आणि एक गोष्ट त्या विक्रेत्यालाही ऐकवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगितलंय की आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्याने मालक आणि अपघाताची भरपाईही त्याच्यावर. दिल्लीच्या त्या मालकाला हे कळलं तर तोही सही करायला घाई करेल. बाहेरच्या राज्यातली गाडी बारा महिन्यांच्या वर इथे ठेवायची तर नवा नंबर घ्यावाच लागतो, त्यामुळे हातात आता सातच महिने आहेत.

कागद पूर्ण होईपर्यंत या गाडीवर आणखी मोठा खर्च करू नका. नाव लागल्यावर ती विकता येईल आणि आलेली रक्कम नव्या गाडीचं डाउन पेमेंट होईल. तोवर डायलिसिसच्या दोन दिवसांसाठी गावातल्या एखाद्या गाडीवाल्याशी महिन्याचं ठरवून टाका. डिझेल धरूनही ते वाटेत बंद पडण्यापेक्षा स्वस्त पडेल.

पुढचा रविवार मी धुळ्यात आहे. भावाला गाडी आणि असतील तेवढे सगळे कागद घेऊन यायला सांगा. माझ्या ओळखीच्या फिटरकडे लिफ्टवर चढवून बघू, आणि एनओसीचा अर्ज तिथेच बसून तपासू. मुख्यपानावरच्या संपर्काच्या जागी तुमचा नंबर टाका, मी फोन करतो.