‘कुठलंही पुस्तक वाचा, चिंता जाईल’ म्हणणाऱ्या मजकुराला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो. त्याचं सार असं: चिंतेसाठी डॉक्टर, समुपदेशक काही लागत नाही. रोज सकाळी कुठलंही प्रेरणादायी पुस्तक वाचा, वाईट विचार मनात येऊच देऊ नका, चांगली वाक्यं घोका. २१ दिवसांत मन ताब्यात येतं, मग गोळ्या बंद करा.

पुस्तकानं चिंता कमी होऊ शकते, हे खरंच आहे. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या, उपचार कसे करावेत हे ठरवून देणाऱ्या संस्थेनं २०११ साली सततच्या चिंतेवर जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत स्व-मदतीच्या पुस्तकांना सुरुवातीच्या उपचारांत जागा दिली आहे. पण अटी घालून. पुस्तक कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीच्या, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलून त्रास कमी करणाऱ्या उपचारपद्धतीच्या, तत्त्वांवर बेतलेलं हवं. ते किमान ६ आठवडे, क्रमानं, सांगितलेलं करत करत वापरायला हवं. आणि वाचणाऱ्याला झेपेल अशा भाषेत हवं.

म्हणजे ‘कुठलंही’ हा शब्द तिथंच बाद होतो. भाषेची अट तर आपल्याकडे फार महत्त्वाची आहे. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या आईला मुलगा बेंगळूरहून इंग्रजी पुस्तक पाठवतो आणि कन्नड किंवा इंग्रजी माध्यमातल्या नातीच्या हातात आपण जड मराठी पुस्तक देतो. दोघींचंही वाचन चौथ्या पानावर थांबतं, आणि दोघींनाही वाटतं की दोष आपलाच.

वाचनालयात किंवा साहित्य संमेलनातल्या पुस्तकांच्या स्टॉलवर पुस्तक हातात घेतलं की मी आधी मधली पानं उघडते. तिथं करण्यासारखं काही आहे का? विचार लिहून काढायचे तक्ते, आठवड्याचा सराव, पायऱ्या? नुसत्या यशोगाथा असतील तर वाचताना बरं वाटेल, पण चिंतेवर उपाय हाती लागणार नाही. मग पुस्तक नेमक्या कोणत्या त्रासाबद्दल आहे ते पाहते. दिवसभर मागं लागलेली काळजी, अचानक उठणारी धडधड, चारचौघांत बोलायची भीती, हे वेगवेगळे त्रास आहेत आणि त्यांचे सरावही वेगळे. लेखक मानसशास्त्र शिकलेला आहे का? डॉक्टरकडे केव्हा जावं, हे कुठं लिहिलंय का? मधुमेहापासून संसारापर्यंत सगळं बरं करतो म्हणणारं पुस्तक मी सरळ परत ठेवते.

मजकुरातला आणखी एक घातक सल्ला म्हणजे ‘वाईट विचार येऊच देऊ नका’ हा. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानं १९८७ साली लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगून पाहिलं. अस्वल मनात येतच राहिलं, आणि मनाई उठल्यावर तर ते जास्तच आलं. चांगली वाक्यं घोकण्याचंही तसंच. जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००९ च्या अभ्यासात दिसलं की ज्यांचा स्वतःवर मुळातच विश्वास कमी, त्यांना ‘मी प्रेमास पात्र आहे’ असं घोकून उलट आणखी वाईट वाटलं. म्हणजे ज्याला गरज जास्त, त्यालाच अपाय.

चांगलं पुस्तक विचार दाबायला सांगत नाही, भीतीला थोडं थोडं सामोरं जायला शिकवतं. समजा, एखाद्या बाईला खानापूरच्या बसमध्ये एकदा छातीत धडधडलं. तेव्हापासून ती बसच टाळते. टाळल्यावर लगेच हायसं वाटतं, म्हणून पुढच्या वेळी टाळणं आणखी सोपं होतं आणि भीती पक्की होत जाते. हृदयाचं काही नाही ना, हे डॉक्टरकडून तपासून झालं की पुस्तक तिला पायऱ्या आखायला लावेल: आधी नुसतं बसस्टँडवर थांबायचं, मग टिळकवाडीपर्यंत सोबतीनं, मग एकटीनं, मग खानापूर. प्रत्येक पायरीवर धडधड होणारच. ती आपोआप उतरते हे शरीराला कळेपर्यंत तिथंच थांबायचं आणि ती पायरी पुन्हा करायची. हे वाचायला दहा मिनिटं लागतात, करायला कित्येक आठवडे.

२१ दिवसांचं म्हणाल, तर त्या आकड्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात सापडतं. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस जातात, असं त्यांचं निरीक्षण होतं. लंडनच्या एका अभ्यासात रोजची साधी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. बाविसाव्या दिवशी बरं वाटलं नाही, तर तुमचं काही चुकलेलं नाही.

‘समुपदेशक लागतच नाही’ हे लोकांना का पटतं, ते मला समजतं. गल्लीत कळेल ही भीती असते, फीची चिंता असते. आणि मनातलं सांगायचं ते कन्नडमध्ये की इंग्रजीत, हा प्रश्न असतो. ही अडचण खरी आहे, म्हणून नाव नोंदवतानाच मराठी समजणारं कुणी आहे का, हे बिनदिक्कत विचारा. बेळगावला जिल्हा रुग्णालय आहे, धारवाडला डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे, आणि १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. पुस्तक वापरत असाल तर चिंता किती आहे हे मोजणारी जीएडी-७ ही सात प्रश्नांची चाचणी दर दोन आठवड्यांनी भरा. ६ आठवड्यांनंतरही गुण १० किंवा त्याहून जास्त येत असतील, तर तज्ज्ञाला भेटा. वजन उतरतंय, हात थरथरताहेत, तर थायरॉईड तपासा. जगणं नकोसं वाटत असेल तर पुस्तक बाजूला ठेवा आणि आत्ताच कुणाशी तरी बोला.

राहिलं गोळ्यांचं. चिंतेवरच्या काही गोळ्या एकदम थांबवल्या तर चक्कर, बेचैनी, झोपमोड होते. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या बराच काळ घेऊन अचानक सोडल्या तर फिटचे झटकेही येऊ शकतात. गोळी नकोशी झाली असेल तर ती देणाऱ्या डॉक्टरला तसं सांगा, ते मात्रा हळूहळू उतरवतात. ज्यांनी हा मजकूर पुढं पाठवला आहे, त्यांनी आज त्याच ग्रुपवर एवढी एक दुरुस्ती टाकावी: गोळ्या स्वतःहून बंद करू नका.