लोखंडाच्या नांगराने जमिनीत विष भिनतं म्हणे!

किर्लोस्कर उद्योग उभा करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची कमेंट दोनदा वाचली, राग वगैरे काही नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की नवीन कल्पना-बिल्पना या भरल्या पोटाच्या गप्पा, लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या राजाने हात दिला म्हणून जमलं, आणि नांगर काय त्यांनी शोधलाय का, विलायती लोखंडी नांगर होतेच की.

नांगराचं एकदम बरोबर. शोध त्यांचा नाहीच, आणि मी लेखात ते जरा फुगवूनच लिहिलं होतं, चूक माझी. सायकलही त्यांनी शोधली नव्हती. पण १८८८ ला बेळगावात सायकलींचं दुकान काढलं तेव्हा नुसत्या सायकली मांडून बसले नाहीत, भाऊ रामूअण्णा लोकांना चालवायलाही शिकवायचे, तेही फी घेऊन! ज्या गावात सायकल चालवायची कशी हेच कोणाला माहीत नाही तिथे ती विकायची कशी, याचं उत्तर शिकवणी. मला तर नांगरापेक्षा हेच डोकं जास्त भारी वाटतं.

आता राजाचं. लोखंडी नांगर आला १९०३ ला, आणि पुढची दोन वर्षं गिऱ्हाईकच नाही, कारण शेतकरी म्हणायचे लोखंडाने जमिनीत विष भिनतं. (हसू नका, आमच्याकडे अजून ट्रॅक्टरबद्दल म्हणतात जमीन दबते, आणि ते तर खोटंही नाही.) मग बेळगावची कारखान्याची जागा सोडायची वेळ आली तेव्हा कुठे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले आणि १९१० ला कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी, म्हणजे कारखाना आणि वसाहत, उभी राहिली. म्हणजे राजा आला तो सायकलींनंतर बावीस वर्षांनी. हां, त्याच्या मदतीशिवाय पुढचं सगळं झालं असतं असं मी म्हणणार नाही, आणि सुरुवातीला मुंबईत मास्तरकीचा पगार होता हेही खरंय, तेवढा आधार सगळ्यांना नसतो.

तुम्ही शेवटी लिहिलंय की ज्वारीच्या शेवया करता, लोक चव घेतात, छान म्हणतात आणि निघून जातात, लोन मिळालं असतं तर मोठं मशीन घेतलं असतं. दादा, आहे तो मालच खपत नाहीये तर मोठ्या मशीनने काय होणार? छान म्हणून निघून जाणाऱ्या बाईला थांबवून विचारलंय का कधी, की घरी कशा शिजवायच्या ते माहितीये का, लगदा होईल अशी भीती वाटते का? विचारा आणि काय म्हणाल्या ते इथेच खाली लिहा.