पिशव्यांचा आकडा आणि स्वयंसेवकाचे काम

आमच्या रक्तदान गटात या वर्षी बरेच नवे स्वयंसेवक आले आहेत. त्यांच्यासाठी सूचनांचा कागद तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. तो लिहिता लिहिता लक्षात आले की त्यातल्या निम्म्याहून अधिक सूचना एकाच गोष्टीच्या विरोधात जातात, आणि ती म्हणजे शिबिर संपल्यावर व्यासपीठावरून जाहीर होणारा पिशव्यांचा आकडा. कागदात जे मावले नाही ते इथे लिहितो आहे. नव्यांनी वाचावेच, जुन्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण या चुका प्रामुख्याने आम्हीच केलेल्या आहेत.

गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत बहुतेक मंडळांना शिबिर हवे असते आणि त्यामागची भावना खरीच असते. पण अनंत चतुर्दशीपासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण ४५ दिवस असतात, हे कोणी मोजत नाही. तांबड्या पेशींची पिशवी २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानात नीट जपली तरी, तिच्यात कोणते द्रावण वापरले आहे त्यानुसार, ३५ किंवा फार तर ४२ दिवस चालते, आणि प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, तर अवघ्या ५ दिवसांत बाद होतात. दुसरीकडे, रक्त दिलेल्या पुरुषाला पुन्हा देण्यासाठी ९० दिवस आणि स्त्रीला १२० दिवस थांबावे लागते. याचा अर्थ असा, की विसर्जनाच्या दिवशी घेतलेली पिशवीसुद्धा दिवाळीपर्यंत टिकत नाही आणि ती देणारा दाता दिवाळीत पुन्हा देऊ शकत नाही. दिवाळीच्या सुट्टीत तुटवड्याच्या बातम्या येतात तेव्हा आपण लोकांच्या उदासीनतेच्या नावाने बोटे मोडतो. लोकांनी दिलेले असते. सगळ्यांकडून एकाच आठवड्यात मागण्याची हौस आपली असते. मे महिन्यात महाविद्यालये बंद, माणसे गावी आणि लग्नसराई जोरात असल्यामुळे हेच घडते. ८ मे हा जागतिक थॅलेसेमिया दिन याच कोरड्या महिन्यात येतो, आणि थॅलेसेमियाच्या ज्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते त्यांना शाळेच्या सुट्ट्यांशी काही देणेघेणे नसते.

म्हणून कोणी शिबिर मागायला आले तर आपला पहिला प्रश्न ‘किती पिशव्या होतील?’ हा नसावा. रक्तपेढीला त्या आठवड्यात किती हव्या आहेत, हे आधी विचारावे. पन्नास हव्या असतील तर पन्नासावर थांबावे आणि उरलेल्यांची नावे, फोन क्रमांक आणि रक्तगट पुढच्या महिन्यासाठी लिहून घ्यावेत. दात्याला ‘आज नको’ म्हणणे जड जाते, आयोजकाला त्याहून जड जाते, पण मुदत संपून फेकल्या जाणाऱ्या पिशवीपेक्षा ते बरे.

आकड्याचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले. त्यामागचे कारण निव्वळ नैतिक नव्हते. ज्याला पैशांची गरज आहे तो माणूस प्रश्नावलीत खरे लिहीलच असे नाही. हाच तर्क दात्यांना भेट म्हणून दिल्या जाणाऱ्या हेल्मेट, जेवणाचा डबा किंवा प्रवासी बॅग यांनाही लागू पडतो, आणि माझ्या मते वरिष्ठांच्या आग्रहालाही लागू पडतो. एका कार्यालयातल्या शिबिरात विभागवार याद्या फळ्यावर लावलेल्या मी पाहिल्या आहेत. आपल्या नावापुढची जागा रिकामी दिसू नये म्हणून माणूस नुकताच काढलेला टॅटू किंवा चालू असलेले औषध लपवतो. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, ब आणि क प्रकारची कावीळ, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते हे खरे, परंतु संसर्ग झाल्यानंतरचे काही दिवस असे असतात की तो तपासणीत सापडतच नाही. त्या दिवसांत रुग्णाचे रक्षण केवळ दात्याच्या खऱ्या उत्तरावर अवलंबून असते. तेव्हा वैद्यकीय तपासणीच्या टेबलाजवळ आपण घुटमळू नये, प्रश्नावली दुसऱ्याने भरू नये, आणि कोणी आत जाऊन लगेच परत आला तर ‘काय झालं?’ असे मोठ्याने विचारू नये.

परत पाठवलेल्यांकडे आपले सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. हिमोग्लोबिन १२.५ पेक्षा कमी किंवा वजन ४५ किलोपेक्षा कमी असेल तर रक्त घेत नाहीत, आणि पहिल्या कारणाने परतणाऱ्यांत मुली फार असतात. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात एक मुलगी तिसऱ्यांदा नाकारली गेली होती. आमच्यातलाच एक जण गमतीने म्हणाला, “ताई, आधी तुम्हालाच एक बाटली चढवावी लागेल.” सगळे हसले, मीही हसलो. ती पुन्हा कधी आली नाही. त्या दिवशी तिच्या हिमोग्लोबिनचा आकडा चिठ्ठीवर लिहून हातात देणे, तो डॉक्टरांना दाखवायला सांगणे आणि दोन महिन्यांनी एक फोन करणे एवढेच आमचे काम होते. आता नव्या कागदात या कामासाठी स्वतंत्र स्वयंसेवक नेमला आहे. शक्यतो ती स्त्री असावी, अशी टीपही मी जोडली आहे.

बाकीच्या सूचना थोडक्यात सांगतो. उपाशीपोटी कोणालाही रक्त देऊ देऊ नका; १५ ऑगस्टचे शिबिर बहुधा श्रावणात येते, तेव्हा ‘आज उपवास आहे का?’ हे नोंदणीलाच विचारा. रक्त दिल्यावर दाता दहा-पंधरा मिनिटे बसलाच पाहिजे आणि त्यानंतर लगेच एकट्याने स्वच्छतागृहात जाता कामा नये, कारण चक्कर येते ती बहुधा उभे राहिल्यावर. ‘आम्ही फुकट दिले, मग रुग्णाकडून पैसे का घेता?’ असे कोणी विचारले तर चिडू नका. रक्त विकता येत नाही, फक्त तपासणी व प्रक्रियेचे शुल्क घेता येते, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बजावले आहे, हे शांतपणे सांगा. आणि एखाद्या दात्याचा रक्तगट ‘बॉम्बे’ हा दुर्मीळ गट असल्याचे आधीच माहीत असेल, तर त्याला शिबिराच्या गर्दीत ओढू नका. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे यांनी शोधलेल्या या गटाच्या रुग्णाला ओ गटाचेही रक्त चालत नाही. हाक येईल तेव्हाच या दात्याने द्यावे.

या वर्षी आम्ही गणेशोत्सवातल्या दोन मंडळांना विनंती केली आहे की त्यांनी शिबिर दसऱ्यानंतर घ्यावे. एका मंडळाने होकार दिला. दुसऱ्याचे अध्यक्ष म्हणाले की फ्लेक्स छापून झाला आहे, पुढच्या वर्षी बघू. होकार दिलेल्या मंडळाच्या शिबिरासाठी नोंदणीच्या टेबलावर दोन जण आणि परतणाऱ्यांसाठी एक जण कमी पडतो आहे. ज्यांना जमेल त्यांनी मला निरोप पाठवावा.