टवका

पंढरपूरहून येताना आमचे साडू अण्णा प्रसाद घेऊन आले. चुरमुरे, बत्तासे, फुटाणे. त्या फुटाण्यांत एक गणंग होता. भट्टीत सगळे दाणे फुटतात, एखादा हट्टाने तसाच राहतो, आणि पुढे माझ्यासारख्याच्या तोंडात येतो. ‘कट्’ असा आवाज झाला. मला वाटलं, फुटाणा फुटला. फुटाणा जसाच्या तसा होता. टवका उडाला होता तो वरच्या पटाशीच्या दाताचा.

शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू म्हणजे दातावरचं एनॅमल, हाडाहूनही कठीण, असं आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर नेहमी सांगतात. पुढची गोम मात्र दात तुटल्यावर सांगितली. हाड मोडलं तर जुळून येतं. एनॅमल गेलं की गेलं. ते बनवणाऱ्या पेशी दात बाहेर येतानाच कारभार आटोपून निघून जातात. तक्रार करायची तरी कुणाकडे?

टवका असेल तिळाएवढा. आरशात बायकोला दाखवला तर ती म्हणाली, “कुठंय?” जिभेला विचाराल तर तिथे खंबाटकीचा घाट फोडलेला होता. ती मिनिटाला एक फेरी मारून खात्री करून यायची.

“अहो, तुकडा टाकू नका, दुधात ठेवा. डॉक्टर परत चिकटवतात,” बायको म्हणाली. फोनवर वाचलेली तिची बरीचशी माहिती मी कानाआड करतो, पण ही खरी निघाली. तुकडा सुकला नाही तर बरा चिकटतो म्हणे. वाटीत दूध घेतलं, त्यात तुकडा सोडला, वाटी फ्रीजमध्ये ठेवली. दुधाचे दात सातव्या वर्षी पडले होते, दुधात दात पडायला त्रेपन्न वर्षं लागली.

अण्णा पहाटे पाचला उठतात आणि कुणाला त्रास नको म्हणून आपला चहा आपणच करून घेतात. या गुणाचं सासरी फार कौतुक आहे. मी उठलो तेव्हा वाटी धुऊन पालथी घातलेली होती आणि अण्णा पेपर वाचत होते. प्रसाद ज्याचा त्याला पोचला होता.

मी काही बोललो नाही. बोलायची सोयही नव्हती. तोंड उघडलं की गार वारा आत शिरायचा आणि झिणझिण्या थेट कानापर्यंत जायच्या. एनॅमलचं छप्पर उडाल्यावर खालचा नाजूक थर उघडा पडतो, त्याचा हा प्रताप. अण्णांनी कळवळून लवंगेच्या तेलाचा बोळा दातावर दाबून धरला. बरंही वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

त्या दिवशी आठवीला वर्णांची उच्चारस्थानं शिकवायची होती. वर्षभरात हा पाठ एकदा येतो, तो त्याच दिवशी आला. त, थ, द, ध, न हे दंत्य वर्ण निभावले. ‘स’ म्हणालो आणि प्रेशर कुकरची पहिली शिट्टी झाली. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याने जूनपासून एकही शंका विचारली नव्हती, उभा राहिला. “सर, ससेहोलपट म्हणजे काय?” मी सांगितलं. “सर, परत एकदा सांगा ना.” तासभर वर्गात इतकी ज्ञानलालसा मी कधी पाहिली नव्हती.

गावात एकच दातांची डॉक्टर, आणि ती माझीच विद्यार्थिनी. मी तिला कितीदा ‘तोंड बंद’ म्हणालो असेन देव जाणे. “आ करा, सर. बोलायचं नाही.” तिने एक्स-रे काढला. नस शाबूत होती, रूट कॅनाल टळलं. “तुकडा आणलाय का?”

“होता. पाहुणे प्यायले.”

तिने पुढे विचारलं नाही. मग नाक जवळ नेलं. “लवंगेचं तेल?” त्यातल्या युजेनॉलमुळे दात भरायचं मटेरियल नीट घट्ट होत नाही म्हणे. म्हणजे तुकडा अण्णांनी प्यायला तो प्यायलाच, वर नवा बसू नये अशीही तजवीज करून ठेवली. तिने दात दोनदा घासून स्वच्छ केला.

मग तिने रंगांची पट्टी काढली, रंगाच्या दुकानात असते तशी. सोळा छटांचे सोळा खोटे दात. पहिला धरला, हसली. दुसरा, तिसरा. शेवटी म्हणाली, “सर, तुमचा ए-फोर.” मला वाटलं कागदाचा आकार सांगतेय. ए गटातली ती सगळ्यात गडद छटा निघाली. तीस वर्षांचा स्टाफरूमचा चहा. म्हटलं, “छान पांढराशुभ्रच कर की.” “एकाच विटेला चुना लावल्यासारखं दिसेल, सर.”

पुढचं भराभर झालं. निळी अ‍ॅसिडची जेल अर्धा मिनिट, धुणं, वाळवणं, चिकट थेंब, मग कणकेसारखं मटेरियल थराथराने, आणि प्रत्येक थरावर वीस सेकंद निळा उजेड. कणीक उजेडाने दगड होते, हे पाहायला मिळालं नाही कारण डोळ्यांवर नारिंगी चष्मा होता. शेवटी निळा कागद चावायला दिला. जिथे डाग उमटला तिथे घासलं. इंजेक्शनसुद्धा नाही.

बाकी पथ्य. नखं, दोरा, दुधाची पिशवी दातांनी तोडायची नाही. पेरू, ऊस पुढच्या दातांनी नाही. आणि 48 तास चहा, हळद बंद, डाग धरतो. मराठी घरातून चहा आणि हळद वजा केली की बाकी दहीभात उरतो. अण्णांनी समोर बसून माझ्या वाटणीची झणझणीत आमटी संपवली. “दात जपायला हवेत,” म्हणाले.

तिसऱ्या दिवशी वर्गात शिरलो तर सगळे आधीच जागेवर. मागचा बाक उभा राहिला. “सर, ससेहोलपट?”

“ससेहोलपट,” मी म्हणालो. स्वच्छ, कोरडं. त्या मुलाने मान खाली घातली आणि भूगोलाचं पुस्तक काढलं.